रकाना सात: मनं कधी दुरावली?

आमच्या ऑफिसात भांडणं येतात. म्हणजे बाहेरून येतात; आतली आमची आम्ही वेगळी ठेवतो. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासू-सून. एकदा जुळ्या बहिणी आल्या होत्या आणि कोणी कोणाविरुद्ध अर्ज केलाय हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, त्यांनासुद्धा. कोर्टाची पायरी चढण्याआधी माणसाने एकदा आमच्याकडे यावं, फॉर्म भरावा आणि थोडं शांत व्हावं, अशी त्यामागची कल्पना. माणूस शांत होतो हे खरंय. फॉर्म अकरा पानांचा आहे.

मी तिथला भाषांतरकार. लोक मराठीत भांडतात, मुख्य कार्यालय इंग्रजीत वाचतं, मधे मी.

फॉर्मचा सातवा रकाना इंग्रजीत एका ओळीचा आहे. डिसकॉर्डचं स्वरूप आणि तारीख, एवढंच विचारलंय. माझ्या आधीच्या भाषांतरकाराने त्याचं ‘बेबनावाचे स्वरूप व दिनांक’ करून ठेवलं आणि तो निवृत्त झाला. बेबनाव हा शब्द अर्ज भरणाऱ्याने जन्मात कधी तोंडातून काढलेला नसायचा. मग तो आपला अंदाजाने लिहायचा. एकाने ‘स्वरूप’ समोर लिहिलं, ‘उंच, गोरे, नाक सरळ.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मध्यम.’ एका आजींनी तिथे सही करून टाकली.

शेवटी वरून पत्र आलं की फॉर्म सोप्या मराठीत करा. साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं.

‘दोन दिवसांत पाहिजे,’ म्हणाले, ‘आणि अक्कल चालवू नका.’

मी चालवली. जाड डिक्शनरी काढली आणि डिसकॉर्डचं मूळ शोधत बसलो. ‘डिस’ म्हणजे वेगळं, लांब. आणि ‘कॉर्ड’ म्हणजे लॅटिनमधलं हृदय. त्या लोकांच्या लेखी माणूस डोक्याने नाही, छातीने विचार करायचा. आठवणी ठेवायची जागाही तीच. दोन हृदयं दोन दिशांना गेली की तो डिसकॉर्ड. त्याची भावंडंही तिथेच सापडली. अकॉर्ड, म्हणजे मन मनाजवळ आलं. कॉनकॉर्ड, म्हणजे मनं एकत्र नांदली. सगळी एका आईची लेकरं, त्यातला हा घर सोडून गेलेला. आरडाओरडा, भांडी आपटणं, एकमेकांचे वाडवडील काढणं, ह्यातलं काही म्हणजे काही त्या शब्दाच्या मुळाशी नव्हतं. नुसतं लांब जाणं होतं.

ते वाचून मी बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. कारण आमच्याही घरात आवाज असा कधी झालाच नव्हता.

बायकोचं चष्म्याचं दुकान आहे, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. ती डोळे तपासते. सव्वा वर्षापूर्वी दुकानाचं फर्निचर नवं करायचं निघालं. सुतार सामान उघडं टाकून जायचे, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून ती पंधरा दिवसांसाठी दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. एक बॅग, एक उशी. पंधरा दिवसांनी सुतार गेले, ती आली नाही. मी म्हटलं, येईल की तिला वाटेल तेव्हा, आपण कशाला मागे लागायचं? बोलावलं तर म्हणेल, घर आवरायला बोलावतोय. नाही बोलावलं तर काय म्हणेल, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही. मग हळूहळू स्वेटर गेले. मग इस्त्री गेली. मग आरसा गेला. आरसा गेला तेव्हा तरी मला समजायला हवं होतं. मी काय केलं, तर भिंतीवरचा खिळा काढून ठेवला. हाताला लागत होता.

तर असा मी, आणि माझ्यापुढे रकाना सात. मी लिहिलं, ‘मनं कधी आणि कशी दुरावली?’

‘हे काय?’ साहेबांनी कागद नाकासमोर धरला. ‘मन कुठून आलं ह्यात? कॉर्ड म्हणजे दोरी. दोरी तुटली की डिसकॉर्ड. आमची मुलगी गिटार वाजवते, मला शिकवू नका.’

‘सर, दोरीचा शब्द वेगळा. हा हृदयाचा आहे. डिक्शनरीत दिलंय.’

‘दोरी लिहा.’

‘म्हणजे लोकांना विचारायचं, दोरी कधी तुटली?’

साहेबांनी त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं असावं. ‘नको,’ म्हणाले. ‘पण मन पण नको. मनाला एक ओळ पुरत नाही.’

सबंध नोकरीत साहेब एवढ्या एकाच वाक्यात बरोबर होते, आणि नेमकं तेच कोणी मनावर घेतलं नाही. त्यांनी स्वतःही नाही. भांडणाला कुठला शब्द वापरायचा ह्यावरून आम्ही दोघं दीड दिवस भांडलो. शेवटी आवक खिडकीवर बसणारी बाई, जिला सगळं ऑफिस आवकताई म्हणतं, दारात येऊन म्हणाली, ‘तुमच्या दोघांचा अर्ज आतूनच घेऊ, की रांगेत येताय?’ साहेबांनी चिडून सही केली. पाच हजार प्रती छापून आल्या.

पहिल्या दिवशी अकरा वाजता एक बाई रकाना सातपर्यंत पोचल्या आणि पेन तोंडात धरून बसल्या. बारा वाजता त्यांच्या मागे चौदा माणसं पेन तोंडात धरून बसली होती. तीन वाजेपर्यंत काउंटरला बांधलेलं एकही पेन धड राहिलं नाही. एकाने सात पुरवण्या जोडल्या. एकाने दाराची पितळी मूठ जोडली आणि लिहिलं, ‘हिला विचारा.’ दोन भाऊ मिक्सर कोणाचा ह्यावरून आले होते. तारीख मिक्सरच्या बरीच आधीची आहे ह्यावर त्यांचं एकमत झालं, पुढे काही सुचेना, म्हणून फॉर्म तसाच ठेवून दोघं चहाला गेले ते परत आलेच नाहीत. तीन महिन्यांत आमची आवक एक तृतीयांशाने घटली. मुख्य कार्यालयाने ताबडतोब खुलासा मागवला: आपल्या विभागात लोक पुरेसे का भांडत नाहीत?

आणि अशात एक दिवस आवकताई माझ्या टेबलाशी आली.

‘भाऊ, चहा प्यायलात का?’

आवकताई चहाचं विचारते तेव्हा काहीतरी वाईट असतं. माझी रजा नामंजूर झाली होती तेव्हा तिने दोनदा विचारलं होतं.

‘काय झालं?’

‘वहिनींचा अर्ज आलाय.’

‘कशाचा?’

‘आपल्याकडे एकाच गोष्टीचा येतो,’ ती म्हणाली आणि माझ्या टेबलावरचा पेपरवेट उगाच सरळ केला.

मी उठून साहेबांकडे गेलो. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. नियम चौदा: समोरच्या पक्षाने निकालाआधी अर्ज वाचायचा नाही. नियम नऊ: प्रत्येक अर्जाचं भाषांतर कार्यालयाच्या भाषांतरकारानेच करायचं.

‘मग काय, करा भाषांतर,’ साहेब म्हणाले. ‘फक्त वाचू नका.’

‘न वाचता भाषांतर कसं करायचं, सर?’

‘इतकी वर्षं काय करताय?’

मग त्यांनीच तोड काढली. त्या आठवड्यातले सगळे, म्हणजे एकेचाळीस अर्ज घ्यायचे. रकाना सातची उत्तरं आवकताईने टाइप करायची, कारण अक्षर मी ओळखलं असतं. मग एकेक वाक्य कात्रीने कापायचं, मागे तिलाच कळेल अशी खूण करायची आणि सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून हलवायच्या. मी एकेक चिठ्ठी काढून भाषांतर करायचं, तिने खुणा बघून ज्याची त्याला चिकटवायची. साहेब स्वतःवर इतके खूश झाले की डबा त्यांनीच हलवला.

तीन दिवस मी तो डबा उपसत होतो. एकेचाळीस घरांची मनं एकमेकांत कालवलेली. ‘घोरण्याबद्दल त्यांनी कधी दिलगिरी व्यक्त केली नाही’ च्या पाठोपाठ ‘जागा तीन मीटर बाय दोन, कुंपणासकट’ निघायचं. मी भाषांतर कसलं करतोय, मी तिला शोधत होतो. तीस वर्षं बघतोय मी तिला. ती मोजून बोलते, चष्म्याच्या नंबरासारखं, पाव पाव करत. काहीतरी अगदी नेमकं लिहिलं असणार. त्यामुळे नेमकं नसेल ते मी भराभर मार्गी लावत गेलो. ‘पत्ता बदलला आहे, तेवढाच’ अशी एक चिठ्ठी निघाली. लोकांना ही खोडच असते, कुठल्याही रकान्यात काहीही लिहितात. ती मी पत्ता-बदलाच्या फायलीत टाकली. एकीवर नुसतं ‘नाही दुरावली’ एवढंच. कोणीतरी आडमुठा दिसतोय, म्हटलं, आणि दाणकन शिक्का मारला: ‘उत्तर दिलेले नाही. तारखेसह सहा आठवड्यांत पुन्हा भरावे.’ असे सात-आठ शिक्के मारले असतील. त्यांच्या नोटिशींवर सही माझीच लागते. मी कोऱ्या करून देतो, नाव-गाव आवकताई घालते.

त्यानंतर आवकताई माझ्याशी धड बोलेनाशी झाली. मला वाटलं, एवढं टायपिंग करून बोटं दुखत असतील.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला ती चिठ्ठी हाताला लागली.

‘मी जिना चढताना मुद्दाम चपला वाजवायचे, म्हणजे तो आतून कडी काढेल. एक दिवस दारात उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं.’

हीच. दुसरं कोण असणार? तिसरा मजला, सातची वेळ, आणि तो आवाज. मला लगेच आठवला तो आवाज. डावी चप्पल जरा जास्त वाजायची. मी हातातलं टाकून उठायचो, कडी काढायचो, आणि ती आत येताना म्हणायची, ‘हं.’ मग मी उठणं कधी बंद केलं? डिक्शनरी आणली तेव्हा? की मान आखडली त्या वर्षी? मी त्या चिठ्ठीचं भाषांतर बारा वेळा केलं. इंग्रजीत चपला वाजेनात. ‘स्लिपर्स’ म्हटलं की त्या बाथरूममध्ये जायच्या, ‘सँडल्स’ म्हटलं की समुद्रावर. साडेसातला आवकताईने दिवे बंद केले तेव्हा माझ्यापुढे ती एकच चिठ्ठी होती.

शहाण्या माणसाने तिथून तडक मागच्या गल्लीत जायला हवं होतं. मी घरी गेलो आणि कडीला तेल घातलं.

पुढचे सहा आठवडे मी रोज सातला दाराशी उभा राहिलो. पावलं वाजली की कडी काढायची. वाटलं, आलीच एखाद्या दिवशी, तर निदान किल्ली शोधायला लागू नये. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मावशींना मी चार वेळा दार उघडलं. ‘कोण हवंय?’ मी विचारायचो. ‘अरे, तूच उघडलंस ना!’ त्या म्हणायच्या. पाचव्या दिवसापासून त्या आमच्या मजल्यावर चपला हातात घेऊन जायला लागल्या. कुरिअरवाल्याने दुसऱ्याचंच पार्सल माझ्या हातात कोंबलं. आणि एक विक्रेता थेट आत येऊन सोफ्यावर बसला. त्याच्याकडून मी पाण्याचा फिल्टर घेतला. फिल्टरची मला काडीची गरज नव्हती. पण पहिले दोन मजले त्याच्या बुटांचा आवाज अगदी तिच्यासारखा आला होता, आणि तेवढ्या दोन मजल्यांत मी जो काही होतो, त्यानंतर त्याला ‘नको’ म्हणवेना.

सहाव्या आठवड्याच्या शनिवारी मी एक वाक्य पाठ केलं आणि निघालो. ऑफिसला शनिवारी एकपर्यंत काम असतं. मी अर्धी रजा टाकली.

दुकानात बारा वाजून दहा मिनिटांनी शिरलो. ती पांढऱ्या कोटात काउंटरमागे उभी होती. एक बाई आरशापुढे फ्रेमी लावून बघत होत्या. बाकावर एक आजोबा. आरसा आमचाच होता.

‘टोकन घ्या,’ ती म्हणाली.

‘मी गिऱ्हाईक नाही.’

‘मग बाकावर बसू नका. गिऱ्हाइकांना लागतो.’

तीस वर्षांत तिने मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी टोकन घेतलं. तीन नंबर.

आजोबा सरकले. ‘जवळचं दिसत नाही की लांबचं?’

‘जवळचं.’

‘वयाने होतं,’ आजोबा म्हणाले.

आरशापुढच्या बाई ‘विचार करून येते’ म्हणून गेल्या. मी काउंटरला टेकलो. ती छोट्या पकडीने एका फ्रेमचं नाक वाकवत होती. मी हळूच म्हटलं, ‘जिन्यातलं मला कळलं. मी कडी काढायला हवी होती.’

‘कसली कडी?’

‘तू चपला वाजवत यायचीस आणि...’

‘मी?’ पकड थांबली. ‘गुडघा गेल्यापासून मी त्या जिन्याचं तोंड तरी बघितलंय का? आपल्याकडे लिफ्ट आहे.’

‘लिफ्ट बंद असायची ना कधीकधी.’

‘चार वर्षांत दोनदा. आणि कडी तू कधी काढलीस रे? मी माझ्या किल्लीने यायचे. तू मान वर करून बघायचास, आणि ते पण पान संपलं असेल तर.’

म्हणजे डावी चप्पल जरा जास्त वाजायची ती कोणाची? सहा आठवडे मी कोणा परक्या बाईसाठी दाराशी उभा होतो. तिच्या नवऱ्याने कडी काढली की नाही, देव जाणे.

‘मग तू काय लिहिलं होतंस?’ मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडून एक कागद काउंटरवर ठेवला. उत्तर दिलेले नाही, तारखेसह पुन्हा भरावे, आणि खाली माझी सही, शेपटी लांब ओढलेली.

‘मी लिहिलं होतं, नाही दुरावली. पत्ता बदलला आहे, तेवढाच. ह्यातला कुठला शब्द तुला अडला?’

‘मला कळला होता,’ बाकावरून आजोबा म्हणाले. ‘म्हणजे आत्ता ऐकला, तर कळला.’

‘ते तुझं आहे हे मला माहीत नव्हतं,’ मी म्हणालो. ‘तुकडे केले होते.’

‘कशाचे?’

‘वाक्यांचे. साहेबांनी सगळी कापून डब्यात घातली, मग डबा हलवला...’ पुढे मलाच माझं ऐकवेना. ‘पण दुरावली नाहीत, तर अर्ज कशाला केलास?’

‘चौदा महिन्यांत तू मला एक प्रश्न विचारलास?’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही; ती चढवतच नाही. ‘एक? तुझ्या फॉर्मात होता. गिऱ्हाइकं सांगायची, त्या ऑफिसात असं असं विचारतात म्हणून. मी म्हटलं, हे ह्याचंच काम. बसला असेल ते पुस्तक उपसत. म्हटलं, ह्यात लिहिलं तर ह्याच्या टेबलावरून जाईल. दुसरं कुठून सांगणार होते?’

‘घरी येऊन.’

‘बोलावलंस?’

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं.

तेव्हा मला ते पाकीट दिसलं. काउंटरच्या कडेला, आमच्या ऑफिसचं, बंद केलेलं.

‘तारीख हवी होती ना तुमच्या ऑफिसला,’ ती म्हणाली. ‘घातली.’

‘कुठली?’

‘तुझी नोटीस आली ती.’

आजचा शेवटचा दिवस होता, हे मला सांगायला नको. एकच्या आत ते पाकीट आवक खिडकीवर पडलं की पूर्ण अर्ज म्हणून वर जाणार. पूर्ण अर्जावर वर कोणी काही विचारत नाही. रकाना सातमध्ये तारीख असली की त्यांना पुरतं. महिन्याभरात वेगळं झाल्याचा कागद दोघांच्या पत्त्यावर येतो, टपालाने. आणि एकच्या आत नाही पडलं, तर प्रकरण बंद, कपाटात.

‘देऊ नकोस,’ मी म्हणालो.

‘दोन नंबर,’ ती म्हणाली.

आजोबा उठले. त्यांचा डोळा दहा मिनिटांत झाला, चष्म्याला दोरी लावून मिळेल का हे त्यांनी तीनदा विचारलं तेवढा वेळ धरून. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बहुतेक काहीतरी धीराचं बोलणार होते, पण नवा नंबर अजून डोळ्यांत होता, ते दाराऐवजी आरशाकडे गेले.

बारा पस्तीस. तिने कोट काढला, खुंटीला लावला, पाकीट उचललं.

‘तीन नंबर,’ मी म्हणालो.

‘काय?’

मी टोकन पुढे केलं. ‘तीन नंबर माझा आहे.’

माझी बायको काय वाटेल ते करील, पण टोकन घेतलेलं गिऱ्हाईक परत पाठवणार नाही. सुतार आले होते तेव्हाही ती भुशात उभी राहून डोळे तपासत होती. तिने पाकीट खाली ठेवलं, कोट घातला.

‘आत या. चष्मा काढा. हनुवटी इथे टेका.’

आतली खोली काळोखी, जेमतेम दोन माणसांची. पुढे उजळलेला तक्ता, बाजूला काचांची पेटी. तिने ती जड लोखंडी चौकट माझ्या नाकावर चढवली आणि कानामागे नीट बसवली. चौदा महिन्यांनी तिची बोटं माझ्या कानाला लागली. गार होती. काचा पुसायच्या औषधाचा वास येत होता. टक् करून एक काच बसली.

‘हे स्पष्ट?’ टक्. ‘की हे?’

‘पहिलं परत दाखव.’

टक्. ‘हे?’

‘आता दुसरं.’

मी वेळ काढत होतो आणि तिला ते कळत होतं. तक्त्यावरची अक्षरं मी वाटेल ती वाचली. तिसऱ्या ओळीत मी एक अख्खं आडनाव वाचलं. घड्याळ बाजूच्या भिंतीवर, काचांच्या पेटीच्या वर होतं, पण मला तिथे नुसता एक गोल उजेड दिसत होता, काटे नव्हते. मी मान जरा तिकडे वळवली.

‘समोर बघा.’

‘घड्याळावर स्पष्ट दिसतंय का बघतो.’

‘घड्याळाला चष्मा लावायचा नाहीये.’ टक्. ‘हे, की हे?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे पाठ करून पेटीतून काच काढते, तेव्हा तिचं तोंड बरोबर घड्याळाकडे असतं. तिला वेळ दिसत होती. मला नव्हती. बारा पंचावन्न झाले असतील तर ती आत्ता म्हणेल, झालं. ती म्हणाली नाही. तिने दुसरी काच काढली. मग मी काहीच मुद्दाम करत नव्हतो, मला खरंच दोन्ही काचांतला फरक कळेना. डोळ्यांपुढे सगळंच पाणी पाणी झालं होतं.

‘हे स्पष्ट की हे?’

‘घरी ये,’ मी म्हणालो.

काच बसल्याचा आवाज आला नाही. तिच्या श्वासाचा येत होता, अगदी कानाशी. मला तिचं तोंड दिसत नव्हतं; त्या चौकटीतून समोरचा तक्ता तेवढा दिसतो.

‘विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या,’ ती म्हणाली. टक्. ‘हे, की हे?’

‘हे.’

‘आणि आता?’

‘परत दाखव.’

तिने परत दाखवलं. मग आणखी एकदा दाखवलं, मी न सांगता.

कितीतरी वेळाने तिने दिवा लावला आणि माझ्या नाकावरून ती चौकट उतरवली.

‘किती वाजले?’ मी विचारलं.

‘सव्वा.’

बाहेर येऊन तिने वहीत आकडे लिहिले. पाकीट होतं तिथेच होतं. तिने ते उचलून फ्रेमींच्या खोक्याखाली सरकवलं, खोक्याची एक बाजू जरा उतरती होती तिथे.

‘नंबर वाढलाय,’ ती म्हणाली. ‘फ्रेम हीच चालेल. ठेवून जा, काचा ह्यातच बसवते. बुधवारी मिळेल.’

‘बिनचष्म्याचा घरी जाऊ?’

‘लिफ्ट आहे ना.’

‘बुधवारी किती वाजता येऊ?’

ती माझ्या चष्म्याचे स्क्रू काढायला लागली होती. ‘चष्मा पाचला तयार होईल,’ म्हणाली. मग जरा थांबून, ‘दुकान सातला बंद होतं.’

ह्याचा अर्थ पाचला ये असा की सातला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी बाहेर पडलो. रस्ताभर सगळी माणसं एकसारखी दिसत होती. एका पोस्टाच्या पेटीला मी आमचे साहेब समजून नमस्कार केला. समोरच्या फुटपाथवर जाऊन मी मागे वळलो. दुकानाच्या काचेमागे पांढरा ठिपका होता, तिच्या कोटाचा. हलत नव्हता. मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती की पाठ करून, तेवढं काही मला दिसेना.